तांबड्याला तांबडं

माणसाला नाद कशाचा लागावा याला काही धरबंध नाही. कुणाला शर्यतीच्या बैलांचा असतो, कुणाला कबुतरांचा, कुणाला निवडणुकीचा. कोऱ्हाळे बुद्रुकच्या विजयसिंहाला नाद होता मेलेल्या अँप्लिफायरचा. तेही कसले? गिटार लावायचे, काचेच्या वॉल्व्हचे, चालू केल्यावर तापायला निवांत वेळ घेणारे. एके काळी ह्या भागात गावोगाव ऑर्केस्ट्रा पार्ट्या बोकाळल्या होत्या, तेव्हाचा हा माल. पुढं नवे हलके सेट आले आणि ही धुडं कुणाच्या माळ्यावर तर कुणाच्या गोठ्यात जाऊन पडली. विजयसिंह ती हुडकून आणायचा, आतली उंदरांची घरटी उपसायचा, कुजलेल्या वायरी काढून नव्या जोडायचा आणि मुक्या डब्याला पुन्हा बोलतं करायचा. बारामती एमआयडीसीत डेअरीच्या मेंटेनन्स खात्यात नोकरी होती. शिफ्ट सुटली की मोटरसायकल घराच्या दारात नाही, मागच्या पत्र्याच्या शेडपुढं उभी राहायची.

"डबड्यांशी लगीन लावायचं, मला कशाला आणली?" बायको रेश्मा म्हणायची. म्हणायची आणि चहा तिकडंच नेऊन द्यायची. जित्याची खोड, दुसरं काय.

ह्या कामाची एक शिस्त असते. प्लग काढला म्हणजे सेट मेला असं समजायचं नाही. वीज त्याच्या पोटात दबा धरून बसलेली असते, ती आधी काढायची. आणि आत हात घालताना दुसरा हात खिशात ठेवायचा. एका हातातनं शिरलेली वीज दुसऱ्या हातातनं बाहेर पडली की वाटेत काळीज लागतं. विजयसिंहाचा डावा हात खिशात जायचा म्हणजे जायचाच. बघणाऱ्याला वाटायचं, काय ऐट आहे गड्याची. ती ऐट नव्हती. त्याच्या थोरल्या भावाचे, मानसिंगाचे, दोन्ही हात बाहेर होते. एक गिटारच्या तारांवर आणि दुसरा माइकच्या दांड्यावर.

मानसिंग इंदापूरच्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. शेतकऱ्याच्या पोरानं गिटार वाजवायची म्हणजे त्या काळात गावाला फुकटचा तमाशा. पण वाजवायचा असा की टिंगल करणारेच पुढं चटई टाकून बसायचे. त्या वर्षी दसरा झाला, कोजागिरी आली, इंदापुरात एका मंडळानं दुधाचा आणि गाण्यांचा कार्यक्रम ठेवला. मानसिंगानं सेटचा प्लग बोर्डात घातला, गिटार गळ्यात घेतली, माइक पुढं ओढायला हात लावला आणि तिथंच ताठ झाला. लोकांना आधी वाटलं, ही काहीतरी नवी अदा आहे. टाळ्या पडल्या.

ह्या टाळ्यांचं त्याच्या आईला, तानूबाईला, कुणीतरी मूर्खानं येऊन सांगितलं. ते तिच्या कानातनं पुन्हा कधी गेलं नाही.

दोष कुणावर तरी यायला पाहिजे होता, तो म्हस्कूवर आला. म्हस्कू मंडपाचा वायरमन. तेव्हाच्या सेटना अर्थिंगची तिसरी पिन नसायची, दोनच पिना. प्लग एका बाजूनं घातला तर सेट गुणी, उलटा घातला आणि आतला एक कपॅसिटर, म्हणजे वीज अडवून धरणारा भाग, नासलेला असला तर सगळी वीज पत्र्यावर आणि पत्र्यावरनं गिटारच्या तारांत. म्हणून वाजवणाऱ्यांनी आणि म्हस्कूसारख्या वायरमननी एक रीत पाडली होती. बोर्डावर एका अंगाला तांबडा ठिपका, प्लगवर एका अंगाला तांबडा ठिपका. तांबड्याला तांबडं लावायचं, घोळ नाही. मानसिंगानं प्लगवरच्या ठिपक्यासाठी बारामतीच्या बाजारातनं नेलपॉलिशची बाटली आणली होती. "मानसिंगाला नखं रंगवायची हौस आलीय," म्हणून गावानं महिनाभर त्याला पिडलं होतं.

त्या दिवशी मानसिंगानं तांबड्याला तांबडंच लावलं होतं, चारचौघांनी बघितलं होतं. मग प्लग सुलटा होता, तर बोर्डच उलटा असणार. म्हस्कू छाती पिटून सांगत होता की बोर्ड बरोबर आहे, टेस्टर लावून बघा. टेस्टर कोण लावतो? मानसिंगाच्या चुलत्यांनी मंडपाचाच बांबू उपसला आणि म्हस्कूचा उजवा हात मनगटापासून मोडला. पोलिसांत केस उभी राहिली नाही, पण गावच्या तोंडी ती कधी मिटलीही नाही. म्हस्कूला पुन्हा कुणी मंडपात पाय ठेवू दिला नाही. वाकड्या हातानं तो फूटपाथवर बसून इस्त्र्या दुरुस्त करत राहिला.

आणि इकडं तानूबाई बोटं मोडत राहिली. म्हस्कूचं नाव निघालं की दोन्ही हातांची बोटं कानशिलावर काडकन मोडायची, "तुझं वाटुळं हुईल, माझ्या लेकराला खाल्लंस," म्हणायची आणि मग भाकरी थापायला बसायची. तिचं जगणंच त्या शिव्यांवर उभं होतं. नवरा गेला, गुडघे गेले, दात गेले, शिव्या राहिल्या.

विजयसिंह, तानूबाईचा इजा, तेव्हा चौथीत होता. पुढं त्यानं शेडभर सेट जमवले, पुण्या-बेंगळुरूची गिटारवाली पोरं गाड्या घेऊन यायला लागली. पण तो हुडकत होता तो एकच सेट, आणि हे त्यानं रेश्मालाही कधी सांगितलं नव्हतं.

यंदा पितरपाटात इंदापुरातनं फोन आला. ऑर्केस्ट्राच्या मालकांच्या कन्या, श्यामलाताई, निवृत्त शिक्षिका. घर विकून लेकाकडं पुण्याला निघाल्या होत्या. "माळ्यावर वडिलांनी एक पेटी गोणपाटात बांधून ठेवलीय. कुणाला हात लावू दिला नाही कधी," त्या म्हणाल्या. "तुमच्या भावाचीच आहे ती. न्यायची असेल तर न्या. नाही तर मी नदीत सोडणार होते."

विजयसिंह टेम्पो घेऊन गेला. हायवेवरच्या ट्रकांच्या गर्दीतनं परत येताना एका हातानं मागं बांधलेली दोरी चाचपत होता, जणू पेटी उडी मारून पळून जाईल.

दुसऱ्या दिवशी शेडचं दार लोटून त्यानं गोणपाट सोडलं. निळं कापड, गंजलेली कड, पुढच्या जाळीवर मानसिंगानं चिकटवलेला मोराचा स्टिकर. विजयसिंहानं डावा हात खिशात घातला. मागची फळी काढली. संशय होता तो कपॅसिटर पार फुटून काळा पडला होता. म्हणजे सेट आतनं नासलेलाच होता. तोवर वाचवत होता तो फक्त सुलटा प्लग. आजवर गाव म्हणत होतं त्याला आता पुरावाच मिळाला. बोर्ड उलटा, म्हस्कू पापी.

वायरीची गुंडाळी फळीमागं तशीच होती. त्या दिवसानंतर तिला कुणी शिवलंच नव्हतं. पांढरट प्लग मळून पिवळा पडला होता. पुसून घ्यावा म्हणून त्यानं चिंधीला स्पिरिट लावलं, प्लग उजेडात धरला, आणि हात थांबला.

एका अंगाला नेलपॉलिश होती. झिजून तिळाएवढी उरलेली, काळपट, नीट बघितल्याशिवाय दिसणार नाही अशी. त्यानं प्लग फिरवला. दुसऱ्या अंगाला, स्क्रूच्या खोबणीत तेलानं धरून ठेवलेला, चांगला बोटाएवढा तांबडा डाग होता. आणि त्याला लागूनच पिवळा. नेलपॉलिशला कधी पिवळी जोड नसते. हळद आणि कुंकू होतं ते.

विजयसिंहानं चिंधी बाजूला ठेवली.

खंडेनवमीला घरातल्या प्रत्येक हत्याराला, प्रत्येक यंत्राला हळदकुंकू लागतं. त्याला त्या सालची खंडेनवमी आठवली. मानसिंग सेट घेऊन सणाला घरी आला होता. तानूबाई ताट घेऊन फिरत होती. विळा, खुरपं, शिलाई मशीन, मोटरीचा स्टार्टर. गिटारकडं वळली तसा मानसिंग हसत आडवा आला होता. "आई, तारांना नको, गंजतील. त्या डब्याला लाव की." मग तिनं डब्याला लावलं. आणि लावता लावता, जिथनं वीज आत शिरते त्या प्लगच्या तोंडालाही लावलं. कोजागिरीला इंदापुरात, घाईघाईत, मंडपाच्या मिणमिणत्या दिव्यात मानसिंगानं ठळक तांबडं बघितलं आणि ते बोर्डाच्या तांबड्याला लावलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण सहज म्हणून जातो. पण इथं चोर कोण होता? देवाचं करताना एका आईचं बोट दोन इंच इकडं पडलं होतं, एवढंच.

प्लग कापून खिशात घालून तो इंदापूरला गेला. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. एसटी स्टँडच्या मागं म्हस्कूची खोली होती. लेक छकुली सासर सोडून बापाची सेवा करायला आली होती. म्हस्कू खाटेवर होता, छाती भात्यासारखी वरखाली होत होती, आणि वाकडा हात चादरीवर निराळा ठेवल्यासारखा पडला होता.

"तात्या, मी कोऱ्हाळ्याचा. मानसिंगाचा भाऊ."

म्हस्कूनं मान वळवली. "मारायला आला आसाल तर उशीर केलासा, पावनं," तो म्हणाला आणि हसायला गेला तर खोकलाच आला.

छकुलीनं पाणी पाजलं. विजयसिंहानं एवढंच सांगितलं की तो जुना सेट मिळालाय. म्हस्कूचे डोळे एकदम जागे झाले.

"खोलला का?"

"न्हाय अजून," विजयसिंह म्हणाला. का म्हणाला ते त्याचं त्याला कळलं नाही.

"माझा बोर्ड सुलटा व्हता," म्हस्कू म्हणाला. "मी टेस्टर लावून बगितला व्हता. पर आख्खा मुलूख म्हणतोय, उलटा व्हता. एवढी वर्सं ऐकून ऐकून मला बी वाटाय लागलं, आसंल बाबा. रोज डोळं मिटलं की त्यो बोर्ड खोलतुया. तारा कवा सुलट्या दिसत्यात, कवा उलट्या. काल तर उलट्याच दिसल्या." तो थांबला, दम घेतला. "तुमी ह्यातलं जाणता. खोलून बगा. माझी चूक आसली तरी सांगा. राग न्हाय. नुसतं म्हायती हुंद्या, मग मी सुटलो."

प्लग विजयसिंहाच्या खिशात होता. बाहेर काढून त्या वाकड्या हातावर ठेवायचा, बस, एवढंच काम होतं. पण तो प्लग म्हणजे त्याची आई होती. एका हातानं म्हस्कूला सोडवायचं तर दुसऱ्या हातानं तिच्या गळ्याला फास लावायचा. त्याचा हात खिशातच राहिला.

"दसऱ्यापातूर सांगतो, तात्या," तो म्हणाला आणि छकुलीला आपला नंबर देऊन उठला.

"वाट बगतो," म्हस्कू म्हणाला.

खंडेनवमीला तानूबाई काठी टेकत शेडमध्ये आली. मागं रेश्मा ताट धरून. एकेका सेटला बोट लावत म्हातारी पुढं सरकली आणि कोपऱ्यातल्या गोणपाटापाशी थांबली. गोणपाट एका बाजूनं घसरलं होतं. मोराची शेपटी तेवढी दिसत होती.

"मानसिंगाचा डबा," ती म्हणाली. आवाजात काहीच नव्हतं. तिनं निळ्या कापडावरनं हात फिरवला, जसा तापलेल्या पोराच्या पाठीवरनं फिरवतात तसा. मग हात कानशिलाकडं गेले. "म्हस्क्या, तुझं वाटुळं..."

"आई, त्याला शिव्या देऊ नगं," विजयसिंह म्हणाला. रेश्माला त्यानं खुणेनं बाहेर जायला सांगितलं. ती ताट ठेवून गेली.

त्यानं सांगितलं. नासलेला कपॅसिटर सांगितला, तांबड्याला तांबडं लावायची रीत सांगितली, आणि प्लग तिच्या तळहातावर ठेवला. तिची नजर अधू झाली होती, पण बोटांना सगळं कळत होतं. तिनं स्क्रूच्या खोबणीवरनं नख फिरवलं, ते नाकाशी नेऊन हुंगलं.

"एका अंगाला तांबडं दिसलं व्हतं मला," ती सावकाश म्हणाली. "वाटलं, ह्या अंगाला कुणीतरी कुकू लावलंय. दुसरं अंग कोरडं कसं ठेवायचं सणाचं? म्हणून लावलं." तिनं वर बघितलं. "मी लावलं, इजा?"

विजयसिंहानं मान डोलावली.

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. प्लग मुठीत धरून डब्याला टेकून बसली.

"म्हस्क्या हाय अजून?"

"हाय. पर टेकलाय. एवढंच इचारतोय की चूक कुणाची. मी दसऱ्यापातूर सांगतो म्हणालोय."

"न्हाय सांगायचं."

"आई..."

"मी जिती हाय तवर न्हाय. झाकली मूठ ऱ्हाऊ दे. मी गेले की चावडीवर हुबा ऱ्हा आन् वरडून सांग."

"त्याचा हात मोडलाय आपल्या लोकांनी. त्याला वाटतंय त्यानंच मारलं. लोक तुला काय म्हणायचं न्हाईत, आई, जाणूनबुजून केलंस का तू?"

"लोकं गेली खड्ड्यात," तानूबाई म्हणाली. "लोकांला कोण भितंय? पर म्हस्क्याला कळलं म्हंजी ते खरं झालं. आत्ता नुसतं तुला न् मला ठावं हाय. मला अजून म्हणता येतंय, इजाची चूक झाली आसंल बगण्यात. तेवढं ऱ्हाऊ दे मला." मग तिनं त्याचं मनगट पकडलं, म्हातारपणातही पकड नट आवळायच्या पान्यासारखी होती. "हात ठेव मानसिंगाच्या डब्यावर. शपत घे."

विजयसिंहानं खिशातला हात काढला आणि डब्यावर ठेवला. शहाण्या माणसानं अशा वेळी काय करावं हे सांगायला पुष्कळ जण येतील. ऐंशीच्या घरातली आई मनगट धरून बसली असताना येऊन सांगावं.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी छकुलीचा फोन आला. "आबा इचारत्यात, खोलला का?"

"भाग मिळत न्हाईत. बगतोय," विजयसिंह म्हणाला.

कोजागिरीला पुन्हा आला. घरात त्या सणाला दूध आटवत नसत, सगळे लवकर जेवून उठले होते. त्यानं फोन वाजू दिला. पुढं तो डेअरीत बॉयलरच्या आवाजात उभा असायचा, खिशात फोन थरथरायचा आणि तो नाव न बघताच ओळखायचा. एकदा शिफ्ट सुटल्यावर मोटरसायकल इंदापूरच्या रस्त्याला लावलीही. मधल्या फाट्यावर चहा घेतला, आणि परत फिरला. स्वतःची इतकी किळस त्याला आयुष्यात कधी आली नव्हती. शेडमध्येही जाईना. रेश्मानं चहा नेला तर शेडला कुलूप.

म्हातारीचंही काही बरं नव्हतं. शिव्या बंद झाल्या होत्या. भाकरी थापताना मधेच हात थांबायचा आणि तवा जळत राहायचा. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्याजवळ म्हस्कूला द्यायला काही नव्हतं.

दिवाळीच्या तोंडाला, सकाळी, छकुलीचा फोन आला. ह्या वेळी विजयसिंहानं उचलला. ती फार बोलली नाही. आबा पहाटे गेले म्हणाली. "शेवटाला म्हणत हुते, कोऱ्हाळ्याचं कोण आलं न्हाय म्हंजी माझंच उलटं निघालं. माफी मागून या म्हणाले तुमच्या आईची. म्हणून फोन केला. तेवढं सांगा त्यास्नी."

तानूबाई ओट्यावर लसूण सोलत बसली होती. विजयसिंह तिच्यापुढं उकिडवा बसला आणि जसंच्या तसं सांगितलं. माफीचं सुद्धा. लपवायचं ठरवलं असतं तरी त्याच्यानं आता लपवणं होत नव्हतं.

तिनं हातातली पाकळी परातीत ठेवली. काठी न घेता उठली, भिंत धरत धरत न्हाणीत गेली. पाणी तापलेलं नव्हतं. बादलीतलं गार पाणी तांब्यानं डोक्यावरनं ओतायला लागली, लुगड्यासकट. घरचं माणूस गेल्यावर करतात तशी आंघोळ. रेश्मा धावली, "आत्याबाई, कोण गेलं?" म्हणून विचारायला लागली. विजयसिंहानं तिला मागं सारलं.

"आई, आता सांगू? छकुलीला?"

"सांग," तानूबाई म्हणाली. पांढरे केस कपाळाला चिकटले होते. "छकुलीला सांग, चावडीवर सांग, कुणाला सांगायचं त्याला सांग. ज्याला ऐकायचं व्हतं त्यो गेला." तिनं आणखी एक तांब्या ओतला. "माझ्या हातानं दोन गेले, इजा. एकाला कुकू लावून मारला. दुसऱ्याला नुसतं गप बसून."

"दुसरा तुझ्या एकटीच्या हातानं न्हाय," विजयसिंह म्हणाला.

तिनं ऐकलं की नाही ते कळलं नाही. ती पुन्हा तांब्या भरायला लागली होती.